लाइट आली, कंट्रोलर कधी तयार होणार?

पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये उभं राहिलं की हे चित्र हमखास दिसतं. लाइट झपकन जाते आणि तीन-चार सेकंदांत परत येते. साध्या स्टार्टरवर चालणाऱ्या ड्रिलिंग मशीनचा ऑपरेटर हिरवं बटण दाबतो आणि कामाला लागतो. शेजारच्या एसपीएमवर (एकाच ठरावीक कामासाठी बांधलेल्या मशीनवर) मात्र लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक, बसवलेला असतो, आणि तिथला ऑपरेटर स्क्रीनवरचा लोगो बघत उभा राहतो. कास्टिंग फिक्स्चरमध्ये अडकलेलं, ड्रिल अर्ध्या भोकात, आणि आपली स्लाइड (सरकणारा भाग) कुठे थांबली याचा मशीनलाच पत्ता नाही. चाळीस-पन्नास सेकंद असेच जातात. दिवसातून चार-पाच वेळा असं झालं की मालक म्हणतो, "त्यापेक्षा जुनं रिलेचं पॅनेल बरं होतं."

मालकाची तक्रार रास्त आहे, पण दोष लिनक्सचा नाही. डेस्कटॉपसाठी बांधलेली सिस्टीम जशीच्या तशी मशीनवर चढवली, तर ती डेस्कटॉपसारखीच उठणार. तोच बोर्ड आणि तोच प्रोसेसर ठेवून हा वेळ थोड्या सेकंदांवर आणता येतो. मशीनच्या दृष्टीने जे खरोखर महत्त्वाचं, ते तर त्याच्याही आत तयार करता येतं. त्यासाठी एक प्रश्न चिकाटीने विचारत राहावा लागतो: सगळ्यात आधी काय तयार व्हायला हवं, आणि ते आत्ता कोणासाठी खोळंबलंय?

वीज मिळाल्यापासून पुढे काय घडतं

उदाहरणाला बीगलबोन ब्लॅक घेऊ. हा बोर्ड 2013 साली आला. त्याची सगळी रचना खुली असल्यामुळे छोट्या मशीन कंट्रोलसाठी तो खूप वापरला गेला. एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, 512 एमबी रॅम. पण वीज मिळाल्या क्षणी ही 512 एमबी रॅम प्रोसेसरच्या काहीच कामाची नसते, कारण बाहेरच्या डीडीआर रॅमचं टायमिंग आधी कुणीतरी जुळवावं लागतं. तोवर हाताशी असते ती चिपच्या पोटातली जेमतेम 128 केबी मेमरी.

चिप तयार होतानाच आत पक्का बसवलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, बूट रॉम. तो ईएमएमसी (बोर्डावरची साठवणीची चिप) किंवा एसडी कार्डावरून दुसरा छोटा प्रोग्रॅम त्या आतल्या मेमरीत आणतो. त्याला एसपीएल म्हणतात. एसपीएल रॅम चालू करतो आणि यू-बूट हा मोठा बूटलोडर रॅममध्ये आणून बसवतो. यू-बूट लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, उचलतो, सोबत डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय याची यादी. कर्नल एकेक ड्रायव्हर चालू करतो, फाइल सिस्टीम जोडतो आणि पहिला प्रोग्रॅम सुरू करतो. बहुतेक ठिकाणी तो सिस्टमडी असतो. सिस्टमडी मग लॉग, नेटवर्क, एसएसएच (दुरून लॉगिन), स्क्रीन अशी सगळी वरात काढतो. या वरातीच्या अगदी शेवटी नंबर लागतो तो मशीन चालवणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमचा.

ज्याच्यासाठी बोर्ड बसवला, तोच सगळ्यात शेवटी उठतो. दुखणं इथे आहे.

लवकर उठणं वेगळं, वेळेवर चालणं वेगळं

मशीन कंट्रोलमध्ये रिअल-टाइम म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. लिनक्ससीएनसी ही खुली प्रणाली याचं चांगलं उदाहरण. तिचं मूळ 1990च्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेत आहे. तिच्यात मोटरची जागा तपासून पुढचा हुकूम देणारं चक्र सहसा दर एक मिलीसेकंदाला फिरतं. हे चक्र सरासरी किती चपळ आहे याला फारशी किंमत नाही. एकदाही चुकता कामा नये, याला आहे. वारीतल्या टाळकऱ्यासारखं हे काम आहे. टाळ जोरात वाजला नाही तरी चालतं, ठेका सुटलेला चालत नाही.

साध्या लिनक्समध्ये कर्नल स्वतःच्या कामात गुंतला की असा ठेका सुटू शकतो. तो सुटू नये म्हणून प्रीएम्प्ट-आरटी नावाचे बदल जवळजवळ वीस वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर जोपासले गेले. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या लिनक्स 6.12 पासून एक्स86, 64-बिट एआरएम आणि रिस्क-व्ही प्रोसेसरांसाठी ते मुख्य कर्नलमध्येच मिळतात. अशा प्रोसेसरवर छोट्या कारखान्यासाठी बोर्ड बांधणाऱ्याला आता वेगळा पॅच शोधत बसावं लागत नाही, ही फार मोठी सोय झाली.

जलद बूट, म्हणजे लवकर उठणं, हा प्रश्न यापेक्षा निराळा, पण दोघांची एका ठिकाणी गाठ पडते आणि तिथे पुष्कळ जण फसतात. आपण कंट्रोलचा प्रोग्रॅम रांगेत पुढे आणला, तर तो नेमका त्या वेळी चालू होतो जेव्हा बाकीची सिस्टीम सगळ्यात जास्त धावपळीत असते: कार्डावरून फाइली वाचणं चालू, यूएसबीचे ड्रायव्हर उठतायत, स्क्रीन जागी होतेय. एरवी शांतपणे चालणारं एक मिलीसेकंदाचं चक्र या गर्दीत अडखळू शकतं. म्हणून सायक्लिकटेस्ट या चाचणीच्या प्रोग्रॅमने उशीर मोजताना सिस्टीम स्थिरावल्यानंतर मोजून भागत नाही, बूट चालू असतानाच मोजायला हवं. प्रोग्रॅमची मेमरी सुरुवातीलाच रॅममध्ये कुलूपबंद करणं, त्याला योग्य प्राधान्य देणं, आणि एकापेक्षा जास्त कोर असतील तर एक कोर त्याच्यासाठीच राखून ठेवणं, ही कामं लवकर उठणाऱ्या सिस्टीममध्ये जास्तच गरजेची ठरतात.

आधी मोजा

2008 साली लिनक्स प्लंबर्स परिषदेत आर्जन व्हॅन डे व्हेन आणि औके कोक या इंटेलच्या दोघा अभियंत्यांनी आसूसच्या छोट्या ई पीसीवर पाच सेकंदांत पूर्ण डेस्कटॉप उठवून दाखवला. त्यांची रीत आजही उपयोगी आहे. त्यांनी आधी पाच सेकंदांचा हिशेब मांडला: कर्नलला एक, सुरुवातीच्या सेवांना एक, ग्राफिक्सला एक, डेस्कटॉपला दोन. मग जो कोणी आपल्या वाट्यापेक्षा जास्त खात होता, त्याच्या मागे ते लागले. "जमेल तेवढं कमी करू" असं म्हणून बसलं की काम कुठे थांबवायचं तेच कळत नाही.

मोजायला फार काही लागत नाही. बोर्डाच्या सिरियल पोर्टला यूएसबीची सिरियल वायर लावायची आणि ग्रॅबसिरियल नावाचा छोटा प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवायचा. तो प्रत्येक ओळीपुढे वेळ छापतो. यू-बूटच्या पहिल्या ओळीपासून लॉगिनपर्यंत कुठे किती वेळ गेला, ते डोळ्यांसमोर येतं. कर्नलच्या आत बघायचं असेल तर इनिटकॉल-डीबग हा पर्याय चालू केला की कुठल्या ड्रायव्हरने किती मायक्रोसेकंद घेतले ते कळतं. सिस्टमडीचा स्वतःचा हिशेब सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ देतो.

मोजता मोजता सापडणारी पहिली गंमत म्हणजे हे सिरियल पोर्टच वेळ खात असतं. नेहमीचा वेग 115200 बॉड, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट. एक अक्षर पाठवायला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 11,520 अक्षरं. बूट होताना कर्नल समजा 300 ओळी छापतोय, ओळीत सरासरी 75 अक्षरं. झाली 22,500 अक्षरं, म्हणजे जवळपास दोन सेकंद! पोर्टवर अक्षर जाईपर्यंत सहसा कर्नललाच थांबावं लागतं. कारखान्यात त्या ओळी वाचायला कोणीही बसलेलं नसतं. कर्नलच्या पर्यायांमध्ये 'क्वाएट' हा एक शब्द टाकला की हा वेळ वाचतो. निरोप हरवत नाहीत, ते मेमरीत राहतात आणि नंतर डीमेसेजने वाचता येतात. एका शब्दात दोन सेकंद वाचवणारी दुसरी युक्ती माझ्या तरी माहितीत नाही.

तितकीच सोपी दुसरी जागा यू-बूटमध्ये आहे. "थांबवायचं असेल तर कळ दाबा" असं सांगून तो उलटी मोजणी करतो. पुष्कळ बोर्डांवर ही दोन सेकंदांची असते. डेव्हलपरच्या टेबलावर ती हवीच, मशीनच्या पॅनेलमध्ये तिचं काही काम नाही. ही मोजणी ठरवणारा बूटडिले शून्य केला की दोन सेकंद परत मिळाले. त्याच्याही पुढे फाल्कन मोड आहे: एसपीएलने यू-बूटला वगळून थेट कर्नल उचलायचा. हे करताना जुळवाजुळव बरीच लागते, आणि दुरुस्तीची वाट म्हणून यू-बूट हाताशी ठेवावाच लागतो. म्हणून आधीचे सोपे उपाय संपल्यावरच याला हात घाला.

कर्नल बारीक करणं

तयार मिळणाऱ्या कर्नलमध्ये जगातल्या असंख्य उपकरणांचे ड्रायव्हर भरलेले असतात. आपल्या मशीनला साउंड कार्ड नाही, वायफाय नाही, कॅमेरा नाही. जे नाही ते काढायचं. जे लागतं पण लगेच लागत नाही, उदाहरणार्थ पेनड्राइव्हसाठी यूएसबी, ते मॉड्यूल करून कंट्रोल चालू झाल्यानंतर चढवायचं. कर्नल एलझेड4 या पद्धतीने दाबला (कॉम्प्रेस केला) तर तो पटकन उलगडतो. एक्सझेडने फाइल आणखी लहान होते, पण उलगडायला प्रोसेसरला घाम फुटतो. कार्ड हळू असेल तर लहान फाइल फायद्याची, प्रोसेसर हळू असेल तर चटकन उलगडणारी. दोन्ही करून बघायचं आणि मोजायचं. बिल्डरूट किंवा योक्टो वापरून स्वतःची सिस्टीम बांधली तर हे सगळं एका जागी आवरता येतं. छोट्या टीमने बिल्डरूटपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे; त्याचा आवाका एका माणसाच्या डोक्यात मावतो.

वाट बघणारी सिस्टीम

सगळ्यात जास्त वेळ मात्र कर्नलनंतर जातो, आणि तोही बहुतेक वेळा काम करण्यात जात नाही, वाट बघण्यात जातो.

आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग घ्या. शॉपमध्ये लाइट गेली की राउटरही बंद पडतो. लाइट आली की कंट्रोलर आणि राउटर एकदमच उठायला लागतात, आणि राउटरला स्वतःलाच उठायला बराच वेळ लागतो. इकडे कंट्रोलरवर सिस्टमडीची 'नेटवर्क येईपर्यंत थांबा' ही सेवा चालू असते. नेटवर्कडीची (सिस्टमडीच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाची) ही सेवा बाय डिफॉल्ट 120 सेकंदांपर्यंत थांबायला तयार असते. आणि कुणीतरी मशीनचा प्रोग्रॅम सेवा म्हणून लावताना इंटरनेटवरचं एखादं उदाहरण उतरवून घेतलेलं असतं, ज्यात "नेटवर्क ऑनलाइन झाल्यावर सुरू कर" अशी ओळ असते. मग ड्रिलिंगची स्लाइड, जिला नेटवर्कशी काडीचंही देणंघेणं नाही, ती राउटरसाठी खोळंबते. टेबलावर चाचणी करताना राउटर आधीपासून चालू असतो, म्हणून हा घोळ तिथे कधी दिसत नाही. तो शिरोलीत पहिल्या पावसाला दिसतो.

अशा वेळी सिस्टमडी-अ‍ॅनालाइझच्या 'ब्लेम' यादीवर एकट्यावर विसंबू नका. ती यादी कोणत्या सेवेने किती वेळ घेतला ते सांगते, पण त्यातल्या पुष्कळ सेवा शेजारी-शेजारी चालतात आणि आपल्याला अडवत नाहीत. 'क्रिटिकल-चेन' हा पर्याय आपल्या सेवेचं नाव देऊन चालवला, की ती कोणाच्या मागे, तो कोणाच्या मागे, अशी साखळी दिसते. कापायची ती ही साखळी. कंट्रोल प्रोग्रॅमला लागतं काय? त्याची फाइल, मोटर ड्राइव्हशी बोलायचं पोर्ट आणि सेटिंगची एक फाइल. एवढ्यावर तो सुरू व्हायला हवा. स्क्रीन, नेटवर्क, उत्पादनाचा आकडा ऑफिसला पाठवणं हे सगळं मागून येऊ दे.

घड्याळाचंही तसंच. बीगलबोन ब्लॅकवर तारीख जपून ठेवणारी बॅटरी नसते, त्यामुळे नेटवर्क मिळेपर्यंत त्याची तारीख चुकीची असते. नेटवर्क आलं की तारीख एकदम उडी मारते. कंट्रोलच्या चक्रासाठी भिंतीवरच्या घड्याळाची वेळ कधीच वापरू नका. बूटपासून सरळ पुढे जाणारं मोनोटोनिक घड्याळ वापरा. म्हणजे वेळ दुरुस्त होईपर्यंत थांबायची गरजच उरत नाही.

लाइट मध्येच जाते, हे गृहीत धरून

एसडी कार्डावर नेहमीची लिहिता येणारी फाइल सिस्टीम, आणि लिहीत असतानाच वीज गेली, हे समीकरण वाईट आहे. पुढच्या वेळी तपासणीत वेळ जातो, आणि नशीब खराब असेल तर बोर्ड उठतच नाही. मूळ सिस्टीम फक्त वाचण्यापुरती ठेवली, समजा स्क्वॉशएफएस या फक्त वाचता येणाऱ्या फाइल सिस्टीममध्ये दाबून, तर ती वीज जाण्याने बिघडत नाही आणि तिची तपासणीही लागत नाही. लॉग रॅममध्ये लिहायचे. जॉबची मोजणी, टूल ऑफसेट अशा मोजक्या गोष्टी वेगळ्या पार्टिशनवर ठेवायच्या, आणि तिथेही आधी नवी फाइल पूर्ण लिहून, ती कार्डात पक्की बसवून, मग नाव बदलून जुन्या फाइलच्या जागी ठेवायची. शक्य असेल तर एसडी कार्डाऐवजी बोर्डावर सोल्डर केलेला ईएमएमसी वापरा. फाउंड्रीच्या बारीक धुळीत आणि मशीनच्या हादऱ्यात कार्डाचा सॉकेट हाच पहिला सैल होणारा भाग असतो.

कंट्रोल लिनक्सच्या आधी उठवणं

इतकं सगळं करूनही लिनक्सला सेकंद लागतातच. काही मशीनना तेवढंही चालत नाही. तिथे कामाची वाटणी करायची. बीगलबोनच्या चिपमध्ये पीआरयू नावाचे दोन छोटे प्रोसेसर आहेत. ते 200 मेगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे एक सूचना पाच नॅनोसेकंदांत, आणि लिनक्सच्या गर्दीचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. स्टेपर मोटरच्या पल्स काढायला मशीनकिट या लिनक्ससीएनसीच्या शाखेने त्यांचाच उपयोग केला. एसटीएम32एमपी15 सारख्या चिपांमध्ये लिनक्स चालवणाऱ्या कॉर्टेक्स-ए7 प्रोसेसरशेजारीच एक छोटा कॉर्टेक्स-एम4 प्रोसेसर असतो. यू-बूट चालू असतानाच त्याला त्याचा प्रोग्रॅम देता येतो. लिनक्स पुढे निवांत उठतो आणि रिमोटप्रोक या यंत्रणेतून, आधीपासून चालत असलेल्या एम4शी जोडला जातो.

किंवा सरळ वेगळा मायक्रोकंट्रोलर लावा, त्यावर झेफर किंवा फ्रीआरटीओएस अशी छोटी रिअल-टाइम सिस्टीम. त्याचा प्रोग्रॅम थेट आतल्या फ्लॅशमधून चालतो, म्हणून वीज मिळाल्यावर काही मिलीसेकंदांत तो कामाला लागतो. लिमिट स्विच, इंटरलॉक, मोटरचं चक्र त्याच्याकडे. स्क्रीन, जॉबची यादी आणि नेटवर्क लिनक्सकडे. मला स्वतःला ही वाटणी सगळ्यात पसंत आहे, कारण स्क्रीनचा प्रोग्रॅम अडकला तरी स्लाइड सांभाळणारा जागा असतो.

लवकर उठावं, पण लगेच हलू नये

बूट जलद करताना एका गोष्टीवर तडजोड नको. वीज परत आली म्हणून मशीन आपोआप हलता कामा नये. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचं आयईसी 60204-1 हे मानकही तेच सांगतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही वायरमनला हे वेगळं शिकवावं लागत नाही; डीओएल (मोटर थेट लाइनवर चालू करणाऱ्या) स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल त्यासाठीच असते. लाइट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो, आणि माणसाने बटण दाबल्याशिवाय तो परत बसत नाही. कंट्रोलर कितीही हुशार असला तरी ही कॉइल आणि हार्डवायर केलेलं इमर्जन्सी स्टॉप तसंच राहू द्या. ते सॉफ्टवेअरमधून फिरवू नका.

बूट होताना बोर्डाच्या पिना कुठल्या अवस्थेत असतात, ते तपासा. सॉफ्टवेअर त्यांचा ताबा घेईपर्यंत त्या सहसा इनपुट असतात, काहींवर आतला पुल-अप (पिनेला वरच्या व्होल्टेजकडे ओढणारा रेझिस्टर) असतो. त्या पिनेवर थेट व्हॉल्व्हचा रिले लावला असेल तर बूटच्या काळात तो कडकन लागू शकतो. प्रत्येक आउटपुटला असा रेझिस्टर लावा की कोणी काही सांगेपर्यंत आउटपुट बंदच राहील, आणि सगळ्या आउटपुटांचा पुरवठा एका 'तयार' सिग्नलमागे ठेवा.

बीगलबोनची आणखी एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी. त्याच्या पी8 हेडरवरच्या (पिनांच्या एका पट्टीवरच्या) 31 ते 46 या पिना बूटच्या क्षणी चिप वाचते आणि त्यावरून कुठून बूट व्हायचं ते ठरवते. तिथे लिमिट स्विच जोडला आणि लाइट जाताना स्लाइड नेमकी त्या स्विचवर थांबली असली, तर बोर्ड उठत नाही. स्लाइड हाताने सरकवली की उठतो. असा दोष शोधताना माणूस वेडा होतो, कारण टेबलावर बोर्ड अगदी ठणठणीत असतो.

उठल्यावर स्लाइड कुठे आहे हे कळायला साध्या एन्कोडरला (जागा मोजणाऱ्या सेन्सरला) होमिंग करावं लागतं, म्हणजे स्लाइड ठरलेल्या मूळ जागी नेऊन तिथून मोजणी सुरू करावी लागते. ड्रिल अर्ध्या भोकात असताना आडवी हालचाल झाली की ड्रिल मोडलाच, म्हणून आधी स्पिंडल मागे, मग बाकीचं. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर, म्हणजे वीज गेली तरी जागा न विसरणारा, असेल तर होमिंगचा वेळ वाचतो. बूटमधून दोन सेकंद कापायला आठवडा घालवण्यापेक्षा काही मशीनवर एन्कोडर बदलणं स्वस्त पडतं.

आणि लाइट दोन-चार सेकंदच जात असेल, तर बूट टाळणं हाही उपाय आहे. बोर्ड पाच वॅट घेत असेल तर दहा सेकंदांना 50 जूल ऊर्जा लागते. थोडी वाढवून धरली तरी ती सुपरकपॅसिटरच्या छोट्या मॉड्यूलमध्ये मावते. मोटर आणि व्हॉल्व्ह सुटतील, ते सुटायलाच हवेत; पण कंट्रोलर जागा राहील आणि स्लाइड कुठे थांबली ते त्याला ठाऊक असेल. फक्त एन्कोडरचा पुरवठाही त्याच बॅकअपवर घ्यायला विसरू नका.

मशीन गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी टायमर आणि कॉन्टॅक्टर लावून एक चाचणी रात्रभर चालवा: पुरवठा बंद, चालू, पुन्हा बंद. बंद राहण्याचा काळ कधी अर्धा सेकंद, कधी पाच, कधी एक मिनिट ठेवा, कारण अर्ध्या सेकंदाच्या झटक्यात एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) व्होल्टेज अर्धवट खाली येतो आणि बोर्ड ना धड बंद ना धड चालू अशा अवस्थेत अडकतो. रिसेट चिप आणि वॉचडॉग (बोर्ड अडकला तर तो पुन्हा सुरू करणारा टायमर) नीट बसवलेत की नाही, ते तिथेच उघडं पडतं. राउटरही त्याच कॉन्टॅक्टरवर ठेवा. लाइट बूटच्या अधेमधेही तोडा, पहिल्या सेकंदाला, तिसऱ्याला, फाइल लिहिली जात असताना. 'तयार' सिग्नल किती वेळात आला ते प्रत्येक खेपेला नोंदवून ठेवा, आणि सकाळी सरासरी बघण्याआधी सगळ्यात उशिराची नोंद बघा.